ओडेसा फेची गाजलेली बारा

मेम्फिस,
५ मार्च १९७९

प्रिय अर्नेस्टिनताई,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमची पेटी पोचली. लोकरीची टोपी होझियाला अगदी मापात बसली. इथे टोपी घालायचे दिवस सरलेत, पण डेट्रॉइटच्या बर्फात बसून ते तुम्हाला कसं कळणार? तुमचा भाऊ बरा आहे. खातो, झोपतो, दुपारी ओसरीवर उन्हात बसतो. उजवा हात अजून उठत नाही. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाचा झटका आहे, धीर धरा. तुमचा फोन आला तेव्हा त्याला नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल चर्चमध्ये जे ऐकलं त्याने माझे हातपाय गार पडले. उपासना संपता संपता आमच्या पाळकांनी, रेव्हरंड सिम्सनी, जाहीर केलं की ईस्टरच्या आधी आठवडाभर जागृती सभा आहेत. आणि उपदेश करायला कोण येणार? ओडेसा फे! हो, तीच. आमच्या मागच्या गल्लीत वाढलेली, सोल गाण्यांनी अख्ख्या देशाला नाचवणारी. दोन वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला, झगमगीत झगे वाटून टाकले, आणि आता ती सिस्टर ओडेसा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लोकांना बाकांवर बसवणाऱ्या अशरचे पांढरे हातमोजे घालून दारात उभी होते, त्यामुळे माझ्या फारशा वाजल्या नाहीत.

मग रेव्हरंड म्हणाले, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, घराघरातून 'ओडेसा फेची गाजलेली बारा' ही रेकॉर्ड आणायची आणि सिस्टर ओडेसा ती वेदीपुढे स्वतःच्या हाताने मोडणार. जे शहर तिने बिघडवलं ते तीच धुऊन काढणार, असं तिचं म्हणणं आहे.

ताई, वारा घ्यायचे पंखे जिथल्या तिथे थांबले. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये 'आमेन' म्हटलं ते फक्त रेव्हरंडांच्या बायकोने, आणि तेसुद्धा नवऱ्याने वळून बघितल्यावर. तुम्ही ती रेकॉर्ड कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत, पण इथे ती नसलेलं घर दाखवा. पिवळं कव्हर, हिरवा झगा, हातात अर्धं खाल्लेलं पीच. शनिवारी सकाळी अख्ख्या गल्लीत तीच वाजते, आणि ती वाजली की पोरं समजतात की आज झाडलोट आहे, सुटका नाही. शेजारच्या क्लॉडिनचं लग्न पाचव्या गाण्यावर जमलं, सातव्यावर मोडलं, आणि दुसरं परत पाचव्यावर जमलं. नवीन गाणी येतात, वर्षभर कान खातात आणि कुठे जातात देव जाणे. ही बारा काही जात नाहीत. ज्यांच्या बापांनी ती विकत घेतली ती पोरं आता स्वतःसाठी मागतात.

होझिया उपासनेत पाळकांच्या हाताशी असणारा डीकन, मी अशर मंडळाची मुख्य. आमच्या घरची आधी पुढे यायला हवी, असं रेव्हरंड मला बाजूला घेऊन म्हणालेसुद्धा. तुम्ही मोठ्या आहात. काय करावं ते सांगा.

तुमची,
व्हर्नेल

*

डेट्रॉइट,
१२ मार्च १९७९

व्हर्नेल,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच गुडघे टेकले, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे. परत उठायला अर्धा तास लागला. प्रभूची थोरवी! ज्या बाईने आपल्या माणसांच्या शनिवारात रविवार बुडवला तीच आता मोडायला उभी राहते आहे. यात विचारायचं काय असतं ग? सगळ्यांच्या आधी तू पुढे हो. हातमोजे काढून हो.

तुझा जीव त्या रेकॉर्डमध्ये अडकला असेल तर मला नवल नाही. लग्नाआधी तू नाचायला जायचीस हे मी विसरलेले नाही. होझिया विसरला असेल, कारण तू त्याला तिथेच भेटलीस. बाबांचा मुलगा तिथे काय करत होता हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही.

आता दुसरं. हा सगळा हिवाळा माझ्या प्रत्येक फोनला तो झोपलेला कसा? माणूस आहे की अस्वल? मी सकाळी केला तरी झोपलेला, रविवारी जेवणाच्या वेळी केला तरी झोपलेला. माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आहे ते, मला त्याची झोप माहीत आहे. तू काहीतरी झाकते आहेस असं मला वाटतं. त्याला माझा राग आलाय का? की तू त्याला फोनपाशी येऊ देत नाहीस? सरळ सांग. नाहीतर मी बस पकडून येईन आणि त्याला इथे घेऊन येईन. इथल्या डॉक्टरांना तरी धीर धरा याच्यापलीकडे काही येत असेल.

अर्नेस्टिन

*

मेम्फिस,
१९ मार्च १९७९

प्रिय ताई,

आता लपवत नाही. खुर्चीत नीट बसा आणि मग पुढचं वाचा.

होझिया बोलत नाही. ऑक्टोबरात झटका आला त्या दिवसापासून एक शब्द नाही. 'पाणी' नाही, 'व्हर्नेल' नाही, 'आमेन'सुद्धा नाही. त्याला सगळं समजतं. तुमची पत्रं वाचून दाखवते तेव्हा माझ्यावरच्या टोमण्यांना बरोबर हसतो. बोलायला जातो, ओठ हलतात, मानेच्या शिरा फुगतात, आणि बाहेर काही येत नाही. मग तो भिंतीकडे तोंड फिरवतो. फोनवर तुम्हाला मी काय ऐकवणार होते? तुम्ही ऐकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन त्याला घेऊन गेला असता. मला ती भीती होती, आणि अजून आहे.

जानेवारीत एका शनिवारी मी घर झाडायला काढलं. आजारी माणसासमोर बरं दिसत नाही म्हणून तोपर्यंत रेकॉर्ड लावली नव्हती, पण ती लावल्याशिवाय माझ्या हाताला कामच सुचत नाही. लावली आणि न्हाणीघर घासायला बसले. 'शनिवार सरला नाही' हे गाणं सुरू झालं. आणि बाहेरच्या खोलीतून पुरुषाचा आवाज! मला वाटलं घरात कोणीतरी शिरलं. ब्रश उगारून धावले. ताई, होझिया गात होता. 'शनिवार सरला नाही, राजा, दिवा राहू दे'. शब्दन् शब्द, एकही न चुकता. ज्या डीकनने चर्चबाहेर कधी तोंड उघडून गाणं म्हटलं नाही तो खुर्चीत बसून बाईच्या तोंडचं गाणं गात होता! माझी बादली लवंडली, गालिचा भिजला, मला भान नव्हतं. गाणं संपलं तसा तोही थांबला. त्याने परत बोलून पाहिलं. काही नाही. त्याच्या डोळ्यांत जी भीती मी तेव्हा पाहिली ती झटक्याच्या दिवशीही नव्हती.

डॉक्टर म्हणतात, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतं. एकीत पाणी शिरलं तरी दुसरी कोरडी राहू शकते. मी उपासनेची गीतं लावून पाहिली, तर त्याला रडू कोसळतं आणि गळाच बंद होतो. स्वतः गाऊन पाहिलं, तर तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. त्याला तीच लागते, तिचाच आवाज, तीच बारा.

आणि ऐका. गेल्या महिन्यापासून रेकॉर्ड चालू असताना तो त्या चालीत स्वतःचे शब्द घालायला लागलाय. परवा जेवताना तिची ओळ यायच्या जागी म्हणाला, 'मीठ कमी आहे, व्हर्नेल'. नवऱ्याने स्वयंपाकाला नाव ठेवलं आणि मी आनंदाने रडले, असं या गल्लीत माझ्याआधी कोणाचं झालं नसेल.

आता सांगा, ही रेकॉर्ड मी मोडायला देऊ? दुसरी मिळणार नाही. सिस्टर ओडेसाने कंपनीच्या मागे लागून नवीन काढणं बंद करवलंय, आणि दुकानदार म्हणतो, होत्या तेवढ्या गेल्या. पण डीकनच्या घरून आली नाही असंही चालणार नाही. या हिवाळ्यात याच लोकांनी आमचं अंगण झाडलंय, आमच्या ताटात वाढलंय. म्हणून मी ठरवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. पिवळ्या कव्हरात नाताळच्या गाण्यांची रेकॉर्ड घालून देणार. एवढ्या ढिगात कोण बघतंय? तुम्ही मात्र कुठे बोलू नका.

व्हर्नेल

*

डेट्रॉइट,
२६ मार्च १९७९

व्हर्नेल,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. तरीही माझा विश्वास बसत नाही. सगळा हिवाळा माझा भाऊ मुका होऊन बसलाय, आणि मला तू लोकरीची टोपी मापात बसली म्हणून कळवतेस! मी इथे रोज त्याच्या उजव्या हातासाठी प्रार्थना करत होते. देवालासुद्धा मी चुकीचा अवयव सांगत होते!

तू घाबरलीस, ते मला समजतं. मी आले असते आणि नेलं असतं, हेही खरं. पण तुझी अक्कल कुठे गेली? नीट विचार कर. प्रभूची प्रार्थना त्याला म्हणता येत नाही, आणि त्या बाईची शेजघरातली गाणी येतात. हे कोणाचं काम आहे? त्याची जीभ कोणी बांधून ठेवली आहे हे तुला दिसत नाही? तुला वाटतं त्या रेकॉर्डने त्याला आवाज दिला. मी सांगते, तिनेच तो धरून ठेवलाय आणि चिमूटभर चिमूटभर देते आहे. ती मोड, म्हणजे सगळा सुटेल.

आणि वेदीवर खोटं ठेवणार? तेही नाताळची गाणी पुढे करून? बाबा असते तर तुला आणि मला दोघींना दाराबाहेर उभं केलं असतं.

सोबत होझियासाठी चिठ्ठी आहे. तुला माझी शपथ, एकही शब्द न गाळता वाचून दाखव.

अर्नेस्टिन

(होझिया, मी टिनी. तुला बोलता येत नाही हे मला परवा कळलं, रागावू नकोस. बाबा काय म्हणायचे आठवतं? माणसाशी खोटं बोललास तर मी बघून घेईन, देवाशी बोललास तर तो बघून घेईल. तू डीकन आहेस. वेदीवर जे ठेवशील ते खरं ठेव. पुढचं त्याच्यावर सोड.)

*

मेम्फिस,
९ एप्रिल १९७९

ताई,

तुमची चिठ्ठी मी वाचून दाखवणार नव्हते. शपथ गेली खड्ड्यात, असं मनात म्हटलं होतं. पण पाकीट उघडताना ती खाली पडली आणि त्याने डाव्या हाताने उचलली, ती सोडेचना. शेवटी वाचली. त्याने ऐकून घेतली, मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

काल जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. तुम्हाला सांगून बघते.

चर्च शिगोशीग भरलं होतं. ज्याच्या त्याच्या काखेत पिवळं कव्हर. वेदीपुढे एक टेबल आणि टेबलामागे सिस्टर ओडेसा. पांढरा झगा, केस करडे, अंगाने भरलेली, पण ती उभी राहिली की अजून माणूस बघतच राहतो. ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ही बारा गाणी मी तुमच्या घरात सोडली, तुम्ही त्यांना दूध पाजून वाढवलंत. आज परत द्या." एकेक जण पुढे जायला लागला. ती कव्हरातून रेकॉर्ड काढायची, गुडघ्यावर धरून मोडायची. काड्कन आवाज झाला की सगळे म्हणायचे 'आमेन'. मला जरा नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं, की रडत कोणीच नव्हतं. क्लॉडिन तर आपली देऊन परत आली ती च्युइंगम चघळत.

मग सिस्टर ओडेसाचा हात थांबला. तिने हातातली रेकॉर्ड उजेडात धरली आणि माइकसमोरच वाचली, "घरबसल्या स्पॅनिश शिका, भाग दुसरा." कोणीतरी खोकलं. तिने पुढची काढली. "लहान मुलांच्या झोपण्याच्या गोष्टी." पुढची. "शिवणयंत्राची काळजी कशी घ्यावी." मग ती ढिगाऱ्याकडे वळली आणि मोडलेले तुकडे जुळवून वाचायला लागली. ताई, एकसुद्धा तिची नव्हती! मला वाटत होतं की अख्ख्या चर्चमध्ये पापी मी एकटीच. आणि इथे सगळ्या गल्लीने तेच केलं होतं. कोणी कोणाला बोललं नव्हतं. रेव्हरंड सिम्सच्या कव्हरातून काय निघालं? रानपाखरांचे आवाज. त्यांच्या बायकोने तोंडावर पंखा धरला तो शेवटपर्यंत काढला नाही.

कोणाला हसायचं धाडस नव्हतं, कारण सिस्टर ओडेसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, "तुम्ही देवाच्या दारात येऊन मला फसवलंत? या गाण्यांसाठी?"

होझियाची चाकाची खुर्ची वाटेत आडवी येते म्हणून त्याचा नंबर शेवटी होता. मी खुर्ची ढकलत नेली. आतमध्ये नाताळची गाणी आहेत हे मला माहीत होतं, आणि आता ती माइकवर वाचली जाणार हेही माहीत होतं. होझियाने डाव्या हाताने कव्हर पुढे केलं. तिने रेकॉर्ड काढली, बघितली आणि तिचे खांदेच उतरले. "एक," ती म्हणाली. "एवढ्या गर्दीत एक माणूस खरा निघाला. प्रभू तुमचं भलं करो, डीकन." आणि मोडली.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मला कळेचना, मी स्वतःच्या हाताने बदलली होती! होझियाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, अगदी शांत. नंतर घरी त्याला खुर्चीतून उठवलं तेव्हा गादीखाली नाताळची गाणी सापडली. एका हाताने, मी आंघोळीला गेले असताना, त्याने ती परत बदलली आणि चर्चभर त्यांवर बसून राहिला. तुमच्या चिठ्ठीने, ताई. त्या क्षणी तुम्ही समोर असता तर मी काय केलं असतं ते सांगत नाही.

मी ओरडत सुटले. अशर मंडळाची मुख्य, वेदीपुढे! "त्याची जीभ मोडलीत तुम्ही! तो त्या रेकॉर्डशिवाय बोलत नाही! ऑक्टोबरपासून त्याने जे काही म्हटलं ते तुमच्या गाण्यात म्हटलं!" काय काय बोलले ते मला आठवत नाही. मीठ कमी असल्याचंही सांगितलं म्हणे. लोक उठून उभे राहिले. आणि सिस्टर ओडेसा, एवढी मोठी बाई, हातातले दोन तुकडे एकमेकांना लावून बघायला लागली, जणू ते चिकटणार होते.

होझियाने बोलायचा प्रयत्न केला. मला वाटतं त्याला मला शांत करायचं होतं. ओठ हलले, शिरा फुगल्या, आणि काही नाही. सगळ्या चर्चने ते काही नाही ऐकलं. इतके दिवस लोकांना वाटत होतं, डीकन अशक्त झालाय म्हणून गप्प असतो.

सिस्टर ओडेसा त्याच्यासमोर खाली बसली. तिने विचारलं, "कोणतं?" मी सांगितलं. ताई, तिने बाप्तिस्म्याच्या पाण्यात शपथ घेतली आहे की ती गाणी पुन्हा गाणार नाही, आणि ती गायली नाही. तिने होझियाचा डावा हात हातात घेतला आणि ओळ दिली. सगळ्यांनी मागून गावी म्हणून होझिया द्यायचा तशी, तुमचे बाबा द्यायचे तशी. गुलामीच्या काळात आपल्या लोकांकडे पुस्तकं नव्हती आणि असती तरी वाचता येत नव्हती, तेव्हापासून जशी डीकन देत आलेत तशी. चाल नाही, नुसते शब्द, झरझर: "शनिवार सरला नाही, राजा, दिवा राहू दे!"

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसांसमोर कोणी ओळ दिली तर ती उचलल्याशिवाय राहता येतं का? कोणी ठरवलं नाही. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी सुरुवात केली आणि अख्ख्या चर्चने ती ओळ ओढून, हेलकावे देत म्हटली. ज्या गाण्यावर अर्ध्या गल्लीची पोरं जन्माला आली ते गाणं! माझ्या अंगावर काटा आला, तो आत्ता लिहितानाही येतो आहे. रेव्हरंड सिम्स डोळे मिटून म्हणत होते. तिने दुसरी ओळ दिली, तिसरी दिली. होझियाच्या हातावर तिचा ठेका चालू होता. आणि त्या सगळ्यात होझियाचा आवाज होता. मला तो वेगळा ओळखू आला. मग हळूहळू बाकीचे थांबले, कारण त्यांनाही ओळखू आला.

चौथी ओळ तिने दिलीच नाही. होझिया एकटाच पुढे गेला, त्याच चालीत, आपल्या शब्दांत:

"सगळे लबाड जमले इथे, देवा, पाहू दे.
व्हर्नेल त्यांत पहिली, देवा, तिला राहू दे."

आणि मग सिस्टर ओडेसा जमिनीवर बसल्या बसल्या जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडत होती. तिच्या मागून सगळे. डीकनने सगळ्या चर्चला लबाड म्हटलं आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

आज सकाळपासून दाराशी रीघ लागली आहे. प्रत्येक जण आपली खरी रेकॉर्ड होझियासाठी घेऊन येतोय, आणि सगळ्या उघड्याबोडक्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कारण कव्हरं चर्चमध्ये राहिली. रेव्हरंड सिम्स मागच्या दाराने आले. सिस्टर ओडेसाही आली होती. हातावर ठेका धरून ओळ कशी द्यायची ते तिने मला शिकवलं. मी गायले तर तो दयेने बघतो, पण ओळ दिली तर उचलतो. रेकॉर्ड नसली तरी चालतं, ताई! सिस्टर ओडेसाने जाताना त्या ढिगातली एक रेकॉर्ड मागून घेतली. तिच्याकडे स्वतःची नव्हतीच म्हणे.

तुमच्यावर मी किती रागावले होते ते वर लिहिलंच आहे. ते खोडत नाही. पण ईस्टरला फोन करा. तो झोपलेला नसेल.

व्हर्नेल

*

डेट्रॉइट,
१६ एप्रिल १९७९

प्रिय व्हर्नेल,

काल मी फोन ठेवल्यावर तू परत फोन करून विचारलंस, ताई, तुम्ही एकदम का ठेवलात? म्हणून हे लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी चिठ्ठीत त्याला लिहिलं होतं, पुढचं त्याच्यावर सोड. लिहिताना मला खात्री होती, रेकॉर्ड मोडली की जीभ सुटणार. म्हणजे मी काहीच सोडलं नव्हतं, देवाने काय करायचं ते मीच ठरवून ठेवलं होतं. आणि ते पोर खरंच सोडून मोकळं झालं. तुझ्या किंकाळीबद्दल वाचल्यापासून मला ती इथे ऐकू येते.

काल तू फोन त्याच्या कानाला लावलास. मी म्हटलं, "होझिया, मी टिनी." पलीकडून श्वास ऐकू आला. नुसता श्वास. मी बोलत राहिले, ईस्टरचं, हवेचं, गुडघ्यांचं, आणि पलीकडे त्याचा श्वास जोरजोरात चालायला लागला. तो धडपडत होता, आणि ती धडपड मला ऐकू येत होती. तू रोज हे ऐकत होतीस आणि मला लोकरीच्या टोपीबद्दल लिहीत होतीस.

मग मी ओळ दिली. मी, अर्नेस्टिन बॅटल, ईस्टरच्या दिवशी, चर्चचे कपडे अंगावर असताना. "शनिवार सरला नाही, राजा, दिवा राहू दे!" फोनच्या मेजावर बोटांनी ठेका धरला. शब्द मला कसे येतात ते विचारशील. माझ्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, ती दर शनिवारी ती रेकॉर्ड लावते. मी खालून झाडूचा दांडा छताला मारायची. वर्षानुवर्षं मारता मारता बारा गाणी पाठ झाली. पाप असेल तर ते माझ्या माथी.

त्याने उचलली. सगळी ओळ म्हटली, ओढून, अगदी बाबांसारखी. पुढची ओळ मी दिली नाही. मग त्याच चालीत, अडखळत, तो म्हणाला, "टिनी, तू जेवलीस का?"

व्हर्नेल, आई गेली तेव्हा हा इवलासा होता. बाबा कामाला जायचे, भांड्यात एकाचंच असायचं. मी त्याला वाढायची. तो विचारायचा, टिनी, तू जेवलीस का? मी म्हणायची, हो, केव्हाच. रोज. तो खायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटायचं, पोराला काय कळतंय. त्यानंतर त्याने मला ते पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही समजून चालले की तो विसरला.

माझ्या तोंडात 'हो, केव्हाच' तयार होतं. या खेपेला माझीच जीभ अडली होती, आणि तो पलीकडे वाट बघत होता.

मी म्हटलं, "नाही रे, तेव्हाही नाही." आणि फोन ठेवला.

तुझी,
टिनी